लिफ्ट तपासनिसाची मोटारसायकल

बोलते, पण सावकाश बोलते. दमलेल्या जिवाला घाई करू नये. मी मोटारसायकल. साधीसुधी नव्हे, चार सिलिंडरची, तेराशे सीसीची, रिकाम्या अंगाने दोनशे ऐंशी किलोची. शर्यतीचा जोर आणि लांबच्या प्रवासाची सोय एकाच अंगात असावी म्हणून मला घडवलं. म्हणजे घोड्याचे पाय आणि उंटाचं पोट. अशा प्राण्याच्या नशिबी काय येतं? घोड्याइतकं पळायचं आणि उंटाइतकं वाहायचं. माझ्या चाकांखालून एक लाख ब्याण्णव हजार किलोमीटर गेले आहेत. आणखी जावेत असं मला वाटत नाही.

एका लांबलचक, स्वच्छ शेडमध्ये मला जोडलं. पांढऱ्या हातमोज्यांतल्या एका बाईने शेवटी मला रोलरवर चढवलं, जागच्या जागी दोनशेच्या वेगाने पळवलं आणि कागदावर बरोबरची खूण केली. एवढ्या वेगाने मी पुन्हा कधी पळाले नाही. आयुष्यातली माझी सगळ्यात मोठी धाव अशी एका जागी झाली.

पहिला मालक दातांचा डॉक्टर. तो मला चालवायचा कमी आणि पुसायचा जास्त. पाहुणे आले की त्यांना माझ्याशेजारी उभं करून फोटो काढायचा. अकरा महिन्यांत मी दोन हजार तीनशे किलोमीटर चालले. लोकांना वाटतं, कमी वापरलेलं यंत्र जास्त टिकतं. साफ चूक. उभ्या उभ्या माझ्या ब्रेकच्या तेलात ओल शिरली, बॅटरीने मान टाकली, टायर एका बाजूला चपटे झाले. मग डॉक्टरची कंबर धरली आणि त्याच्या बायकोने मला घराबाहेरचा रस्ता दाखवला.

दुसरा मालक आला तो एका उन्हाच्या दुपारी, बसने, हातात गाडीला लावायची स्वतःची बॅटरी घेऊन. त्याने आधी मला चालू करायलाच सांगितलं नाही. गुडघ्यावर बसला, चाकं हाताने फिरवली, माझ्या खालच्या बाजूला बोट लावून तेल पाहिलं. मग डॉक्टरला म्हणाला, "आता चालू करा. आणि दोन मिनिटं कुणी बोलू नका."

त्याने डोळे मिटले. डॉक्टर अस्वस्थ होऊन घड्याळ बघत राहिला. दोन मिनिटांनी डोळे उघडून तो म्हणाला, "घेतो. डाव्या बाजूचा दुसरा व्हॉल्व्ह जरा बोलतोय, पण ते बघून घेऊ."

मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं. आजवर मला सगळ्यांनी पाहिलं होतं. ऐकलं होतं ते याने पहिल्यांदा.

तो लिफ्टचा तपासनीस होता. डोंगराळ भागातली बारा-पंधरा लहान शहरं त्याच्याकडे होती. दवाखाने, कचेऱ्या, राहत्या इमारती. जिथे म्हणून लिफ्ट असेल तिथे वर्षातून एकदा जायचं, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढायचं, दोर, ब्रेक, मोटर, चाक तपासायचं आणि सही करायची. त्या सहीचा कागद लिफ्टमध्ये काचेखाली लागायचा. लोक त्या कागदाकडे कधी बघत नाहीत. आरशात बघतात, केस सारखे करतात आणि चौथ्या मजल्यावर उतरतात. कुणाच्या तरी शब्दावर आपण दोरीला लटकलो आहोत, हे त्यांच्या मनातही येत नाही.

त्या वळणांच्या रस्त्यांना माझ्यासारखीच गाडी हवी होती. एका पेटीत त्याची हत्यारं, दुसरीत कपडे आणि डबा. जेवढं वजन टाकाल तेवढं टाका, मी चढ चढायचे. दर दहा हजारांनी तो माझं तेल बदलायचा आणि सीट उचलून तिच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहायचा. सुट्टीत, आणि रात्री कामावरून परतताना, मागच्या सीटवर त्याची बायको असायची. ती औषधांच्या दुकानात काम करायची, दिवसभर उभी राहून तिचे पाय भरून यायचे, माझ्यावर बसली की म्हणायची, "आज चौदा तासांनी टेकले बाई." मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिला दोघांच्या मध्ये कोंबायचे आणि तलावावर पोहायला सोडायचे. पुढे ती तिथेच पोहायला शिकवू लागली.

माझी दुरुस्ती करणारा माणूस एकच. त्याला सगळे 'कानसेन' म्हणायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि आतलं दुखणं ओळखायचं, ही त्याची पद्धत. तपासनिसाचं आणि त्याचं जमलं ते यामुळेच. दोघं माझ्या दोन बाजूंना बसायचे, मला चालू ठेवायचे आणि पैज लावायचे.

"बेअरिंग," तपासनीस म्हणायचा.

"चूक साहेब. पंखा घासतोय."

"पंखा उजवीकडे आहे. आवाज डावीकडून येतोय."

उघडून पाहिलं की दहातून सात वेळा तपासनीस बरोबर निघायचा. कानसेन कपाळावर हात मारून म्हणायचा, "नाव माझं आणि कान तुमचे!"

मी कधीच दगा दिला नाही असं म्हणणार नाही. सत्तर हजारांच्या सुमारास माझी बॅटरी चार्ज करणारा भाग जळला आणि मी भर चढावर गप्प झाले. नवराबायकोने मला दोन किलोमीटर ढकललं. ती घामाने निथळत होती, तरी वर पोचल्यावर माझ्या टाकीवर थाप मारून म्हणाली, "एवढी वर्षं तू आम्हाला वाहिलंस, आज त्याची फेड." दोघं रस्त्याकडेला बसून हसत होते. मला मात्र आठवडाभर तोंड वर करवेना. असा भाग माझ्या जातीच्या गाड्यांत जळतोच, कानसेन म्हणाला. त्याने तो बदलला, तारा जाड टाकल्या. पुढे पुढचे शॉकअप गळले, पाण्याचे पाइप फुगले, क्लच झिजला. जे जे गेलं ते ते बदललं. लोक विचारायचे, "एवढी जुनी गाडी अजून टिकली कशी?" यात गुपित काही नाही. टिकणं म्हणजे वेळेवर बदललं जाणं. ज्याचं कुणी बदलत नाही तो टिकत नाही, नुसता उरतो.

साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी मला काहीतरी खटकू लागलं. खटकलं ते माझ्यात नव्हतं.

एकदा दवाखान्याबाहेर त्याने मला चालू केलं, हातमोजे घातले, आणि पुन्हा स्टार्टर दाबला. मी चालूच होते. आतून करकर आवाज झाला. वॉचमनने दचकून पाहिलं, त्याने मात्र नाही. मला वाटलं, विचारात असेल. मग तो माझं इंजिन गरजेपेक्षा जास्त फिरवू लागला. पूर्वी आवाजावरून गियर बदलायचा. आता काट्याकडे बघून, तोही उशिरा. मागून ट्रक हॉर्न देत देत अगदी जवळ यायचा, आणि आरशात दिसेपर्यंत हा रस्त्याच्या मधोमध.

बायको मागे असली की वेगळीच गंमत. वाटेत कुणी पत्ता विचारला की ती झटकन त्याच्या खांद्यावर वाकून म्हणायची, "ते विचारताहेत, बाजार कुठल्या बाजूला." जणू ती त्यालाच आठवण करून देत होती. हॉटेलात, पेट्रोलपंपावर, तेच. माणसं म्हणायची, काय प्रेमळ जोडपं आहे! प्रेमळ होतंच. पण ती बाई दोन वर्षं त्याचे कान होऊन बसली होती, हे फक्त मला कळत होतं. कारण दर वेळी बोलण्याआधी तिचे गुडघे माझ्या अंगाला घट्ट आवळले जायचे.

मुलीला मात्र पत्ता नव्हता. पोहण्याच्या तलावावर वीस पोरांना या काठावरून त्या काठावर ऐकू जाईल असं ओरडायची तिला सवय. घरीही तसंच बोलायची. "बाबा, डबा घेतलात का?" हे चार घरांना ऐकू जायचं, मग बाबांना का नाही जाणार? तिच्या आवाजाने त्याचं दुखणं झाकलं गेलं.

आणि याच वर्षांत माझ्यातही एक भाग म्हातारा झाला. माझ्या इंजिनाच्या आत व्हॉल्व्ह चालवणारी एक साखळी आहे, टायमिंगची. ती सैल पडू नये म्हणून एक टेन्शनर तिला दाबून धरतो. सोळा वर्षं त्याने दाबून धरलं. मग त्याची स्प्रिंग थकली. रोज सकाळी चालू होताना माझ्या पोटातून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायला लागला, पुढे तो दिवसभर येऊ लागला. साखळी एक दात जरी सरकली तर आतलं सगळं एकमेकांवर आपटून माझा निकाल. मी माझ्या परीने ओरडत होते. तो शांतपणे हेल्मेट घालायचा आणि निघायचा.

शेवटी मुलगीच एका दुपारी मागे बसली. तिची स्कूटर कानसेनकडे दुरुस्तीला होती, ती आणायची होती. आम्ही गॅरेजच्या दारात थांबलो तेव्हा कानसेन आतून हात पुसत धावतच आला.

"बंद नका करू साहेब! राहू दे चालू." तो माझ्यापाशी वाकला. त्याला स्क्रूड्रायव्हरची गरजही पडली नाही. रस्त्यापलीकडचा टेलरसुद्धा मान वर करून बघत होता. "किती दिवस झाले हे?"

"काय?" तपासनिसाने विचारलं.

"हे. आवाज."

तपासनीस खाली उतरला. हेल्मेट काढलं. पूर्वीसारखे डोळे मिटले, मान थोडी तिरकी केली. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून वाजत होते. खरंच सांगते, लाज सोडून वाजत होते.

त्याने डोळे उघडले. हसून म्हणाला, "घड्याळासारखी चाललीय. तुझं आपलं काहीतरीच."

कानसेनने मुलीकडे पाहिलं. मुलीने बापाकडे. मग तिने पुढे होऊन माझी किल्ली फिरवली आणि मला बंद केलं.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. बहुधा जन्मात पहिल्यांदा एवढ्या हळू. तो कानसेनशी टायरबद्दल बोलत राहिला. "बाबा," ती पुन्हा तेवढ्याच हळू म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिला रडू फुटलं, आणि रडताना दिसली तेव्हा त्याने विचारलं, "अगं, काय झालं?"

त्याला सांगणं सोपं गेलं नाही. तो चिडला. मला न घेता पायी घरी गेला. संध्याकाळी कानसेनने मला ढकलत त्याच्या दारात नेऊन लावलं. खिडकी उघडी होती. आतलं बोलणं मोठ्याने चाललं होतं. आता त्या घरात लपवायचं काही उरलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?" त्याचा आवाज.

"दोन वर्षं झाली," बायको म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. तुम्हाला ऐकू आलं नाही."

मग आतून हसण्याचा आवाज आला, त्याचाच, आणि हसता हसता तो कसा बदलला ते मी सांगत नाही. काही गोष्टी घरातल्या घरात राहिलेल्या बऱ्या.

दुसऱ्या दिवशी तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात फायली होत्या. माझ्या सीटवर पसरून त्याने मोजलं. दोन वर्षांत पास केलेल्या आणि अजून चालू असलेल्या लिफ्ट एकेचाळीस. दोर डोळ्याने बघता येतो, ब्रेक वजन टाकून बघता येतो. पण फिरणाऱ्या चाकाच्या आतलं बेअरिंग बिघडायला लागलं तर आधी कळतं ते कानाला. एकेचाळीस ठिकाणी त्याने ऐकल्याची सही केली होती.

"खात्याला आजच कळवा," मुलगी म्हणाली.

"कळवणार. पण कळवल्याबरोबर माझा परवाना जाईल. नवा माणूस यायला तीन महिने. तोवर या सगळ्या चालूच राहतील. लोक चढतील, उतरतील. मला एकदा फिरून येऊ दे."

"आणि ऐकणार कोण?"

उत्तर फाटकातून आत येत होतं. कानसेनने गॅरेजला कुलूप लावलं होतं आणि खांद्याला झोळी अडकवली होती. "मला लिफ्टमधलं काही कळत नाही साहेब," तो मोठ्याने, एक एक शब्द सुटा करत म्हणाला, "पण बेअरिंग म्हणजे बेअरिंग. ते लिफ्टमध्ये रडलं काय आणि गाडीत रडलं काय."

मुलीने बापाकडून पत्र लिहून घेतलं. घडी घालून पिशवीत ठेवलं. "नऊ दिवस," ती म्हणाली. "दहाव्या दिवशी सकाळी हे मी स्वतः नेऊन देणार. तुम्ही कुठेही असा."

"माझीच मुलगी," तो म्हणाला. त्यात कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही.

राहता राहिले मी. नवा टेन्शनर मागवला तर यायला महिना लागणार. कानसेनने जुन्याच्या बुडाला भोक पाडलं, लांब बोल्ट घातला आणि साखळी बोल्टने दाबून धरली. "टेन्शन घेणारा हा एकच पार्ट," तो पुटपुटला, "तोही वयाला आला." मग माझ्या टाकीवर हात ठेवून म्हणाला, "नऊ दिवस काढ बाई. मग जे व्हायचं ते होऊ दे."

दोन मोठी माणसं, दोघांची हत्यारं, आणि पोटात लटपटणारी साखळी. मी निघाले. पूर्वी ही वळणं मी गाणं म्हणावं तशी घ्यायचे. आता प्रत्येक चढाला मी आतल्या आत मोजत होते, सरकली, नाही सरकली, सरकली, नाही सरकली. बोल्ट रोज सकाळी अर्धा फेरा आवळावा लागे.

वर मशीनच्या खोलीत काय चालायचं ते मला दिसत नसे. खाली येऊन ते बोलायचे त्यातून कळायचं. तपासनीस दोरावरून फडकं फिरवायचा. एखादी तार तुटलेली असली तर फडकं अडकतं. कानसेन स्क्रूड्रायव्हर टेकवून ऐकायचा. पहिल्या दिवशी सहा झाल्या, सगळ्या ठीक. दुसऱ्या दिवशी पाच, ठीक. इमारतींचे लोक वैतागायचे, "आत्ताच तर तपासून गेलात!" तो म्हणायचा, "पुन्हा बघायचंय. चूक झाली असेल तर माझी." काही जण हसायचे, काही जण चहा विचारायचे. चौथ्या दिवशी कानसेनच्या कंबरेने संप पुकारला. मागची सीट तासभर बसायला छान, दिवसभर बसायला शिक्षा. तो उतरला की आधी वाकलेलाच चालायचा. तरी एकदाही "पुरे" म्हणाला नाही.

सातव्या दिवशी, सदतिसावी लिफ्ट. एका प्रसूतिगृहाची. चार मजले, जुनी इमारत. दारात ओल्या कपड्यांच्या दोऱ्या, नातेवाइकांची चपलांची रास. मला भिंतीच्या सावलीत लावून ते वर गेले. अर्धा तास झाला. मग तास. मग आतली लिफ्टची घरघर एकदम थांबली आणि थांबलेलीच राहिली.

मेट्रन बाई तपासनिसाच्या मागोमाग पायऱ्या उतरत आल्या. वयस्क, करड्या आवाजाच्या.

"बंद म्हणजे किती दिवस बंद? वर तीन बायका आहेत ज्यांना पायऱ्या उतरता येणार नाहीत. आठ महिन्यांपूर्वी तुम्हीच पास केलीत ना? काचेखाली तुमचीच सही आहे!"

"माझीच आहे."

"मग?"

त्याने काचेखालचा तो कागद काढून आणला होता. तिच्यासमोर त्याचे दोन तुकडे केले. "मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "आठ महिन्यांपूर्वीही येत नव्हतं. हे बेअरिंग तेव्हाच बोलत असणार. आज उघडून पाहिलं, ग्रीसमध्ये लोखंडाचा भुगा आहे. आणखी थोडे दिवस गेले असते तर..." त्याने कानसेनकडे पाहिलं.

"तर मी ताईंना पायऱ्यांवरून उतरवायला लोक आणतो," कानसेन म्हणाला. "आत्ता. तुम्ही खुर्च्या काढा."

मला वाटलं, आता मेट्रन बाईंचा आवाज चढणार. त्या म्हणाल्या, "माझी सून वर आहे. काल मीच तिला लिफ्टने वर नेलं." मग त्या वळल्या आणि खुर्च्या काढायला गेल्या.

त्या दुपारी तिघींना खुर्चीत बसवून चार-चार माणसांनी खाली आणलं. कानसेन खुर्चीचा पुढचा पाय धरायला होता. तपासनीस माझ्याशेजारी जमिनीवर बसला होता. कुणीतरी पाणी दिलं, ते त्याने हातातच धरून ठेवलं. कानसेन येऊन टेकला.

"सदतिसात एक साहेब. बाकी सगळं तुमच्या डोळ्यांनी बरोबर बघितलंय."

"एकात चार मजले असतात रे," तो म्हणाला.

उरलेल्या चार आठव्या दिवशी झाल्या. ठीक होत्या. नवव्या दिवशी सकाळी परत निघायचं. त्याने पेट्या लावल्या, हेल्मेट घातलं, माझ्यापाशी आला, आणि किल्ली कानसेनच्या हातात दिली.

"परतीला तू चालव. मी मागे बसतो."

"मी? साहेब, ही तुमची..."

"मागून हॉर्न वाजला तर मला कळत नाही. तुला कळतं. बस पुढे."

सोळा वर्षांत त्याचं वजन माझ्यावर नेहमी पुढे होतं. आता ते मागे गेलं आणि मी क्षणभर गोंधळले. त्याला पाय कुठे ठेवायचे कळेना, हात कुठे धरायचे कळेना. एवढी वर्षं त्याची बायको तिथे कशी बसली असेल, हे बहुधा त्याला त्या दिवशी कळलं. पहिल्या वळणावर त्याने कानसेनच्या कमरेला मिठीच मारली. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर सैल झाला. पुढे सपाट रस्ता लागला तेव्हा त्याचं डोकं कानसेनच्या पाठीला टेकलं. झोपला होता. कानसेनने वेग साठवर आणला आणि घरापर्यंत तसाच ठेवला. मागच्या गाड्या हॉर्न देऊन पुढे जात राहिल्या.

दहाव्या दिवशी मुलीने पत्र दिलं. खात्याने परवाना काढून घेतला, चौकशी लावली, आणि चार महिन्यांनंतर त्याला वेळेआधीच निवृत्त केलं. शाबासकीचा कागद आला नाही, येणारही नव्हता. प्रसूतिगृहात नवं बेअरिंग बसलं आणि नव्या माणसाची सही काचेखाली लागली, एवढं मेट्रन बाईंनी फोन करून बायकोला सांगितलं. सून सुखरूप होती. मुलगी झाली होती.

माझं इंजिन कानसेनने उघडलं. टायमिंगची साखळी टेबलावर ठेवली तेव्हा ती मेलेल्या सापासारखी पसरली. "ही कशी आली घरी?" तो स्वतःशीच म्हणाला. नवी साखळी, नवा टेन्शनर, नवे व्हॉल्व्ह, सगळं होण्यासारखं होतं. त्याने तपासनिसाला विचारलं. तपासनिसाच्या कानात आता छोटं यंत्र होतं, आणि ते त्याला आवडत नव्हतं. चमचा बशीवर ठेवला तरी दचकायचा. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "नको. जोडून ठेव फक्त."

म्हणून मी आता कानसेनच्या गॅरेजच्या मागच्या बाजूला असते. पेट्रोल काढलंय, बॅटरी काढलीय. तपासनीस रोज सकाळी येतो. हातात काम नसलं की माणूस सैरभैर होतो; इथे तो दुरुस्त झालेल्या गाड्यांचे नट एक एक करून हाताने तपासतो. त्याने तपासलेली गाडी परत आली नाही, असं कानसेन गिऱ्हाइकांना सांगतो. मुलगी पोहण्याच्या तलावावरून येताना डबा देऊन जाते. हल्ली ती हळू बोलायला शिकते आहे. अजून जमत नाही.

माझं मागणं फार नाही. मला पाहायला येणाऱ्यांनी पाहावं. आकडा वाचावा, आश्चर्य करावं. पण "अजून चालते का?" हा प्रश्न माझ्यासमोर विचारू नये. चालून चालून दमलेल्याला विचारण्यासारखा तो प्रश्न नाही.

परवा एक गृहस्थ आले. नवं कोरं जॅकेट, नवं हेल्मेट. माझ्यावर टांग टाकून बसले, हँडल डावी-उजवीकडे फिरवलं, मूठ पिळली. "क्या बात है!" म्हणाले. "अशा गाड्या मरत नाहीत हो. बॅटरी लावा, जरा चालू करून दाखवा. आवाज तरी ऐकू."

कानसेन घुटमळला. गिऱ्हाईक होतं.

तपासनीस कोपऱ्यातून उठला. पाना खाली ठेवला, हात पुसले आणि माझ्यापाशी आला.

"उतरा," तो म्हणाला.

"अहो काका, फक्त दोन मिनिटं..."

"उतरा तिच्यावरून. दमलीये ती."

गृहस्थ हसले. "मशीन कुठं दमतं का?"

"दमतं. सांगत नाही, एवढंच."

ते उतरले. जरा ओशाळले, जरा रागावले, आणि पुढे दुरुस्तीला आलेल्या नव्या गाड्या बघायला गेले. तपासनिसाने मडगार्डवरची धूळ बाहीने पुसली, खुंटीवरचं कापड काढलं आणि दोन्ही टोकं धरून माझ्यावर पांघरलं. मागच्या चाकाशी एक कोपरा उघडा राहत होता, तो खाली ओढून घेतला.

आता आत अंधार आहे आणि ऊब आहे. बाहेर पाने-हातोड्यांचे आवाज चालले आहेत, दोघांचं काहीतरी बोलणं चाललंय, कुणीतरी कुणालातरी हाक मारतंय. मला कुठे जायचं नाही. तुम्हीही या आता. जाताना दार तेवढं हळू लावा.